बाळाच्या बोटाला केसाचा फास : सूज उतरत नाही किंवा पुन्हा येते तेव्हा काय तपासावे

तीन-चार महिन्यांचे बाळ संध्याकाळपासून एकसारखे रडत असते. ताप नसतो, पोट मऊ असते, शी-शू नेहमीसारखी झालेली असते, अंगावर घेतले तर दोन घोट घेऊन ते पुन्हा किंचाळू लागते. ग्राईप वॉटर, पोटावर हिंगाचा लेप, दृष्ट काढणे असे सगळे होऊन जाते आणि रात्री कधीतरी मोजा काढल्यावर पायाचे एकच बोट टरारून सुजलेले, लालबुंद झालेले दिसते. सकाळी जवळच्या दवाखान्यात ते जंतुसंसर्गाचे किंवा किडा चावल्याचे ठरते, पातळ औषध आणि मलम मिळते, एखादा दिवस रडणे कमी झाल्यासारखे वाटते, आणि मग बोट आणखी निळसर होऊन तेच बाळ पुन्हा दवाखान्यात येते.

हा लेख अशा पुन्हा येणाऱ्या बाळांविषयी आहे. बालरुग्ण तपासणारी डॉक्टर म्हणून मी एवढेच ठामपणे सांगेन की लहान बाळाचे एकच बोट सुजले असेल आणि ती सूज एखाद्या रेषेपाशी अचानक संपत असेल, तर तेथे केस किंवा धागा नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असेच धरून चालावे. प्रतिजैविकाची बाटली उघडण्यापूर्वी ती रेषा शोधावी. डॉक्टर या अवस्थेला हेअर टूर्निकेट सिंड्रोम म्हणतात. ती नवीनही नाही. शिश्नाभोवती बसलेल्या केसाच्या फासाची नोंद ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १८३२ साली प्रसिद्ध झाली होती. तरीही ती आजही नजरेतून सुटते, कारण जो केस शोधायचा असतो तो सूज आल्यानंतर बहुधा दिसतच नाही.

फास बसतो कसा

माणसाचा केस जेमतेम ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, पण जाडीच्या मानाने तो फार चिवट असतो. ओला झाला की ताणला जातो आणि वाळताना आखडतो. अंघोळीनंतर ओलसर पायाला चिकटलेला किंवा मोज्यात घामाने भिजलेला केस, बाळ पाय झाडत असताना, बोटाभोवती एक-दोन वेढे घेतो आणि वाळला की जागेवर घट्ट बसतो. यानंतर जे घडते ते केसामुळे कमी आणि सुजेमुळे अधिक घडते. पातळ भिंतींच्या लसीकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव परत नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि शिरा आधी दाबल्या जातात, रोहिण्यांतून रक्त आत येत राहते, बाहेर जाण्याची वाट मात्र बंद होते, म्हणून फासाच्या पुढचा भाग फुगतो; आणि भाग फुगला की तोच केस जागचा न हलताही अधिक घट्ट होतो. शेवटी रोहिण्याही दाबल्या जातात आणि बोटाच्या टोकाला प्राणवायू मिळेनासा होतो. बराच काळ लोटला तर मऊ लोण्यात तार जावी तसा केस त्वचेत उतरतो, काही दिवसांत त्वचा त्याच्यावरून भरून येते आणि केस आत गाडला जातो. अगदी दुर्लक्षित बाळांमध्ये तो हाडापर्यंत पोहोचल्याची आणि बोटाचे टोक गळून पडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

पायाच्या बोटांचे बहुतेक प्रसंग जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत येतात, आणि त्याचे कारण आईच्या शरीरात आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे जे केस गळायचे थांबलेले असतात ते प्रसूतीनंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात. ही केसगळती नैसर्गिक आहे, तिच्यात काळजी करण्यासारखे काही नसते आणि बहुतेक स्त्रियांमध्ये ती सहा महिने ते वर्षभरात आपोआप आटोक्यात येते. परंतु याच काळात बाळ चोवीस तास आईच्या अंगाशी असते, दुपट्यावर, गोधडीवर, कुंचीत, मोज्यात तिचे केस सापडतात, आणि बाळाला आपल्या बोटात काय अडकले आहे हे सांगता येत नाही. यात आईचा दोष शोधणाऱ्या नातेवाईकांना मी स्पष्ट शब्दांत थांबवते. केस गळणे तिच्या हातात नसते, आणि आधीच झोप न झालेल्या बाळंतिणीच्या डोक्यावर अपराधाचे ओझे चढवल्याने बाळाचे बोट बरे होत नाही.

हाताच्या बोटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे केसापेक्षा धागा अधिक वेळा सापडतो आणि बाळ वयाने अधिक लहान, कधी अवघ्या काही आठवड्यांचे असते, कारण नखांनी ओरखडे काढू नयेत म्हणून नवजात बाळाला घातलेल्या हातमोज्यांच्या आतल्या शिलाईचे धागे सुटलेले असतात. धागा सुती असो वा पॉलिएस्टरचा, फास तोच. मात्र उपचारात या फरकाला फार महत्त्व आहे आणि त्याकडे पुढे येऊच.

रेषा कशी शोधावी

बाळाला पूर्ण उघडे करावे. मोजे, हातमोजे, लंगोट, डायपर, अंगडे सगळे काढावे. दिवसाच्या उजेडात किंवा मोबाइलच्या टॉर्चच्या प्रकाशात हातापायांची वीसही बोटे एकेक करून, बोटांमधली फट उघडून, वरच्या आणि तळव्याच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहावीत. रडत्या बाळाच्या पायाची बोटे आत वळलेली असतात. ती हलक्या हाताने सरळ केल्याशिवाय मुळाकडची घडी दिसत नाही, आणि फास नेमका त्याच घडीत लपतो. पायाचे मधले बोट आणि त्याच्या शेजारची दोन बोटे यांना तो अधिक वेळा बसलेला आढळतो. घरात वाचनाचे भिंग असेल तर ते जरूर वापरावे.

भिंगाखाली असे बोट पाहिले की चित्र सहसा असे असते : टोकाकडचा भाग ताणून चकचकीत झालेला, रंगाने गडद लाल ते जांभळा, कधी त्यावर बारीक फोड, मुळाकडचा भाग अगदी नेहमीच्या रंगाचा, आणि या दोहोंच्या मध्ये बोटाला वळसा घालणारी एक अरुंद खाच. खाचेच्या दोन्ही काठांवरची सुजलेली त्वचा एकमेकींवर टेकलेली असते, त्यामुळे तळाशी असलेला केस झाकला जातो. काठ दोन बोटांनी हळूच फाकवले तर कधी एखाद्या ठिकाणी काळी बारीक रेघ चमकून जाते, बहुतेक वेळा तीही दिसत नाही. केस पिकलेला किंवा रंगवलेला असेल, अथवा धागा पांढरा असेल, तर तो दिसण्याची आशा आणखी कमी. म्हणून केस दिसला नाही याचा अर्थ केस नाही असा कधीही घेऊ नये. खाच दिसणे एवढे पुरेसे आहे. एक्स-रेमध्ये केस दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही.

कशाशी गल्लत होते

सर्वांत जास्त गल्लत जंतुसंसर्गाशी होते. नखाच्या कडेला पू होतो तेव्हा लाली नखापाशी सर्वांत गडद असते आणि मुळाकडे जाताना फिकी होत जाते. ती एका रेषेत तुटत नाही. त्वचेखालचा संसर्ग पावलावर पसरतो, त्याला कडा नसते. किड्याच्या चाव्याला बहुधा एक मध्यबिंदू दिसतो. फासाची सूज मात्र रेषेच्या पुढे पूर्ण आणि रेषेच्या मागे जवळजवळ काहीच नाही अशी असते. दवाखान्यात बसणाऱ्या माझ्या सहव्यवसायिकांनाही माझी हीच विनंती आहे की तान्ह्या बाळाच्या एकाच सुजलेल्या बोटासाठी प्रतिजैविक लिहिण्याआधी खाच पाहिल्याची नोंद केसपेपरवर करावी. ती लिहायची म्हटली की पाहिली जाते.

दुसरी गल्लत लसीकरणाशी होते आणि ती आपल्याकडे विशेष घडते. राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना दिल्या जातात, म्हणजे नेमके तेच दिवस जेव्हा आईची केसगळती सुरू होते किंवा भरात असते. लस टोचल्यावर बाळ रडणार, मांडीला सूज येणार, थोडा ताप येणार हे घरात सर्वांना माहीत असते, त्यामुळे त्या दिवशीच्या रडण्याला दुसरे कारण असू शकते हा विचारच मनात येत नाही. लसीमुळे होणारे रडणे बहुधा एक-दोन दिवसांत आणि पॅरासिटामॉलने ओसरते. ते ओसरत नसेल, किंवा बाळ मांडीला नव्हे तर पावलाला हात लावल्यावर दचकत असेल, तर मोजे काढून पाहावे.

विदर्भातील गडचिरोली-चंद्रपूरचा पट्टा, मेळघाट, नंदुरबार अशा भागांत, जेथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तेथे आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. सिकलसेल असलेल्या बाळांना सहा महिन्यांनंतर हातापायांची सूज येऊन तीव्र वेदना होऊ शकतात. ही सूज सहसा एकापेक्षा अधिक बोटांना, अनेकदा दोन्ही हातांना किंवा दोन्ही पायांना येते, पंजाच्या वरच्या भागावरही पसरते आणि तिला खाच नसते. अशा बाळाची रक्ततपासणी व्हायला हवी. उलट बाजूही तितकीच खरी आहे : घरात सिकलसेलचा इतिहास आहे म्हणून एका बोटाची, रेषेपाशी तुटणारी सूज त्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. काही बाळांच्या बोटाभोवती जन्मतःच खाच असते. ती गर्भपिशवीच्या पडद्याच्या पट्ट्यामुळे पडलेली असते आणि जन्मल्या दिवसापासून तशीच असते, त्यामुळे ‘ही आधीपासून होती का’ हा प्रश्न आईला विचारला की उलगडा होतो.

घरी काय करावे आणि काय करू नये

केसाचे टोक बाहेर सैल दिसत असेल, बोट अजून गुलाबी असेल आणि त्वचा कोठेही फाटलेली नसेल, तर ते टोक बोथट चिमट्याने किंवा नखांच्या चिमटीत धरून उलट दिशेने हलकेच उलगडून पाहण्यास हरकत नाही. हा प्रयत्न एकदाच आणि दोन-तीन मिनिटांपुरता करावा. तो जमला तरी त्याच दिवशी बोट डॉक्टरांना दाखवावे. जमला नाही, टोक दिसतच नसेल, किंवा बोट जांभळे, निळे वा पांढरट झाले असेल, तर घरी वेळ घालवू नये.

ब्लेड, सुई, टाचणी, नखे कापायची कात्री यांपैकी काहीही खाचेत घालू नये. सुजलेल्या बोटात केस नेमका किती खोल आहे हे वरून कळत नाही आणि बाळ एका क्षणात पाय ओढते. हळदीचा किंवा कोणताही लेप लावू नये, कारण त्यामुळे रंग आणि रेषा दोन्ही झाकल्या जातात आणि डॉक्टरांचा वेळ तो धुण्यात जातो. तेल लावल्याने केस विरघळत नाही, उलट निसरडा होऊन चिमट्यात येत नाही. शेक देऊ नये, बर्फ लावू नये, पट्टी बांधू नये. केस काढण्याचे क्रीम घरी वापरावे का, असे अलीकडे अनेक पालक विचारतात. माझे उत्तर नाही असे आहे. ते का, हे पुढच्या भागात आहे.

दुखणे कमी व्हावे म्हणून बाळाच्या वजनानुसार तुमच्या डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते, परंतु बाळ शांत झाले म्हणून निघणे पुढे ढकलू नये. फासाखालचा भाग बधिर झाल्यावरही रडणे कमी होते, आणि ते चिन्ह चांगले नसते. जेथे बालशल्यचिकित्सक किंवा निदान सामान्य शल्यचिकित्सक रात्री उपलब्ध असतात अशा रुग्णालयात जावे. निघण्यापूर्वी फोन करून ‘बाळाच्या बोटाभोवती केस अडकल्याचा संशय आहे’ हेच वाक्य सांगावे. ‘बोट सुजले आहे’ एवढेच सांगितले तर सकाळी ओपीडीत आणा असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. वाहन नसेल तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

रुग्णालयात काय केले जाते

उपचाराचे उद्दिष्ट एकच असते : शेवटचा वेढासुद्धा सुटला पाहिजे. केस दिसत असेल आणि सूज मध्यम असेल तर भिंगाच्या मदतीने बोथट टोकाची बारीक सळई केसाखाली सरकवून तो उचलतात आणि बारीक कात्रीने कापून उलगडतात. गरज असेल तर बोटाच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देतात, त्यामुळे बाळ शांत राहते आणि डॉक्टरांनाही घाई करावी लागत नाही.

केस काढण्याचे क्रीम हा खरोखरच उपयुक्त उपाय आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याची ताकद गंधकाच्या बंधांत असते. क्रीममधील थायोग्लायकोलेट तीव्र अल्कधर्मी माध्यमात हे बंध तोडते आणि केस मऊ पडून तुटतो. खाचेभोवती क्रीम लावून पाच ते दहा मिनिटे थांबतात, ओल्या गॉजने पुसून भरपूर पाण्याने धुतात आणि रंग परत येतो का ते पाहतात. परंतु याला तीन मर्यादा आहेत. त्वचा फाटली असेल किंवा केस आत गाडला गेला असेल तर क्रीम जखमेत जाऊन भाजल्यासारखी इजा करते. जननेंद्रियांवर आणि तोंडात ते वापरायचे नसते. आणि धाग्यावर ते चालत नाही, सुतीवर नाही आणि पॉलिएस्टरवरही नाही. खाचेच्या तळाशी त्वचा शाबूत आहे की नाही आणि आत केस आहे की धागा, हे दोन्ही प्रश्न घरच्या उजेडात सुटत नाहीत; म्हणून हे काम दवाखान्यात व्हावे असा माझा आग्रह आहे. हाताचे बोट असेल आणि बाळाला हातमोजे घातले जात असतील, तर येताना ते हातमोजे बरोबर आणावेत. आतला सुटलेला धागा पाहिला की डॉक्टर क्रीमवर वेळ दवडणार नाहीत.

केस खोल रुतला असेल, दिसत नसेल किंवा क्रीमने दहा मिनिटांत फरक पडला नसेल, तर छेद द्यावा लागतो. बोटाच्या पाठीवर मधोमध, लांबीच्या दिशेने, खाचेला काटकोनात हा छेद घेतात आणि गरज पडल्यास तो हाडापर्यंत नेतात. ऐकायला हे भीतीदायक वाटते, पण त्यामागचा विचार फार सुरेख आहे. बोटाच्या मुख्य रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तळव्याकडच्या दोन्ही कडांनी जातात, त्यामुळे पाठीवरच्या मध्यरेषेत त्या सुरक्षित राहतात. आणि बोट सरळ करणाऱ्या स्नायुबंधाचे तंतू लांबीच्या दिशेनेच जात असल्याने उभ्या छेदाने ते आडवे तुटत नाहीत, फक्त बाजूला होतात. एका छेदात सगळे वेढे कापले जातात. ही छोटी जखम भरून येते. दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहत राहिल्याने होणारी हानी मात्र भरून येईलच असे नाही, म्हणून डॉक्टरांनी छेद सुचवला तर पालकांनी संमती देताना वेळ घेऊ नये.

केस काढला, तरी सूज का उतरत नाही

पुन्हा येणाऱ्या बाळांपैकी काही अशी असतात ज्यांचा केस एकदा काढलेला असतो. पालकांनी तो केस कागदात गुंडाळून आणलेलाही असतो. बोट मात्र अजून जाड असते. येथे क्रमाने विचार करावा.

पहिल्यांदा रंग पाहावा, जाडी नव्हे. फास खरोखर सुटला असेल तर काही मिनिटांतच जांभळा रंग लाल आणि मग गुलाबी होऊ लागतो. बोटाचे टोक दाबून सोडले असता पांढरे पडून साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. रुग्णालयात बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावूनही रक्तप्रवाह परत आल्याची खात्री करता येते. सूज मात्र सावकाश, एक-दोन दिवसांत आणि कधी त्याहून अधिक काळात उतरते. रंग चांगला, बाळ शांत, पाजल्यावर झोपते, पण बोट अजून थोडे जाड, एवढेच असेल तर चोवीस तासांनी पुन्हा दाखवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

रंग परतला नसेल, किंवा परतून काही तासांनी पुन्हा गडद होऊ लागला असेल, तर दुसरा वेढा आत शिल्लक आहे असे समजावे. एकच केस दोन-तीन वेढे घेऊन स्वतःखालीच अडकलेला असतो, किंवा एकाऐवजी दोन-तीन केस एकत्र असतात. त्यांपैकी वरचा एक तुटून हातात येतो आणि सगळ्यांना काम झाल्यासारखे वाटते. हातात आलेला तुकडा बोटाच्या घेराएवढा तरी लांब आहे का हे पाहावे. नसेल तर उरलेला भाग कोठे गेला याचे उत्तर मिळेपर्यंत तपासणी संपवू नये. अशा वेळी पुन्हा पुन्हा चिमट्याने टोकरण्यापेक्षा भूल देऊन छेद घेणे बाळाच्या हिताचे असते.

तिसरा गोंधळ खाचेचा. फास सुटल्यानंतरही त्वचेवर वळ राहतो आणि तो काही दिवस टिकू शकतो. हा वळ रोज उथळ होत गेला पाहिजे आणि त्याच्या पुढचा भाग गुलाबी राहिला पाहिजे. वळ तितकाच खोल असेल आणि पुढचा भाग फुगत असेल, तर तो वळ नव्हे, फासच आहे. पालकांनी रोज एकाच जागी, एकाच उजेडात, त्याच कोनातून मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे; रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जो फरक जाणवत नाही तो दोन छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर दिसतो, आणि डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

लाली रेषेच्या मागे, पावलाच्या दिशेने सरकू लागली, पू आला किंवा ताप आला, तर फासाने कापलेल्या त्वचेतून आता संसर्ग शिरला आहे आणि येथे प्रतिजैविकाची खरी गरज आहे. मात्र ते फास सुटल्यानंतरचे औषध आहे. बोटाचे टोक काळसर राहिले तर धीर सोडू नये. लहान मुलांच्या ऊतींची भरून येण्याची ताकद मोठी असते आणि सुरुवातीला गमावल्यासारखी वाटणारी बोटेही वाचतात, म्हणून शल्यचिकित्सक अशा वेळी काहीही कापण्याची घाई करत नाहीत. जिवंत आणि मृत भाग आपोआप वेगळे दिसेपर्यंत थांबतात.

शेजारचे बोट पाहणे हा या सगळ्याचा भाग आहे. एकच लांब केस दोन किंवा तीन बोटांना गुंफून बसलेला असू शकतो, आणि अधिक सुजलेल्या बोटाकडे सगळ्यांचे लक्ष असताना कमी सुजलेले बोट तसेच घरी जाते.

जननेंद्रियांचा फास

हा भाग संकोचामुळे तपासायचा राहतो, म्हणून वेगळा लिहिते. मुलग्यांमध्ये शिश्नाच्या टोकामागच्या खोबणीत केस बसतो. सुंता झालेल्या मुलांमध्ये ही खोबण उघडी असल्याने तेथे तो अधिक आढळतो. पायाच्या बोटांपेक्षा येथे वयाची कक्षाही मोठी असते, चालणाऱ्या-बोलणाऱ्या मुलांमध्येही हे घडते. टोक सुजते, लघवीची धार बारीक होते किंवा लघवी करताना मूल किंचाळते. मुलींमध्ये योनीच्या बाहेरच्या नाजूक भागावर लहानशी, गडद रंगाची, अतिशय दुखरी गाठ दिसते, आणि मोठ्या मुलींमध्येही ती होऊ शकते. येथे क्रीम नाही, घरचा प्रयत्न नाही, उद्या पाहू असेही नाही. केस मूत्रमार्गापर्यंत कापत गेला तर तेथे छिद्र राहून लघवी भलतीकडून येऊ लागते आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकांकडे जावे. आजी, आत्या, सांभाळणाऱ्या मावशी यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण डायपर बदलणारा हात नेहमी आईचाच नसतो.

येथे एक गोष्ट पालकांनी मनाला लावून घेऊ नये. केस असा कसा गुंडाळला गेला, बाळाजवळ कोण होते, असे प्रश्न डॉक्टर विचारतात. यातील बहुतेक प्रसंग निव्वळ अपघाताने घडतात आणि डॉक्टरांना ते माहीत असते. तरी प्रत्येक तान्ह्या बाळाच्या इजेबाबत हे विचारणे त्यांचे कर्तव्य आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून

बाळाला अंघोळ घालणाऱ्या मावशींइतक्या जवळून बाळाची बोटे घरात दुसरे कोणी पाहत नाही. तेल लावताना प्रत्येक बोट सुटे करून त्याच्या मुळाशी आपले बोट एकदा फिरवावे, अंघोळ झाल्यावर बोटांमधल्या फटी कोरड्या करताना पुन्हा पाहावे, हे त्यांना आणि घरातील सर्वांना दाखवून द्यावे. याला मिनिटभरही लागत नाही. मोजे आणि पाय झाकणारे अंगडे घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत, सुटलेले धागे बुडापासून कापावेत. धुतानाही ते उलटेच धुवावेत, आणि मोठ्यांच्या टॉवेल-चादरींबरोबर, ज्यांना केस चिकटलेले असतात, धुऊ नयेत. केस विंचरणे बाळाच्या अंथरुणापासून दूर व्हावे आणि केसगळतीच्या काळात बाळाजवळ असताना केस बांधलेले असावेत. नवजात बाळाच्या हातमोज्यांबद्दल माझे मत असे आहे की ते न घालता नखे नियमित कापावीत. घालायचेच असतील तर आतून शिलाई नसलेले घालावेत आणि दर काही तासांनी काढून बोटे पाहावीत.

दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला, घोट्याला किंवा कमरेला बांधलेल्या काळ्या दोऱ्याचाही यातच विचार करावा. ज्यांना तो बांधायचा आहे त्यांना बांधू नका असे मी म्हणत नाही, परंतु साधारण पाच महिन्यांत बाळाचे वजन जन्माच्या वेळेच्या दुप्पट होते आणि बारशाला बांधलेला दोरा तेवढ्याच मापाचा राहतो. घोट्याच्या घडीत रुतलेला आणि वरून त्वचेने झाकू लागलेला दोरा दिसतो तेव्हा तो फासाप्रमाणेच वागत असतो. दोरा ठेवायचा असेल तर त्याखालून मोठ्या माणसाचे बोट सहज फिरले पाहिजे, आणि दर महिन्याला तो कापून नवा सैल बांधावा. गळ्यात तर दोरा कधीच बांधू नये.

आशाताई नवजात बाळाच्या घरभेटीला ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी येतात, आणि त्यानंतर १४ आठवड्यांपर्यंतच्या लसींना आई स्वतः बाळाला घेऊन केंद्रात येते. मांडीत लस टोचायची म्हणून बाळाचे पाय त्या वेळी उघडे केलेलेच असतात. त्याच क्षणी दोन्ही मोजे काढून दहाही बोटे पाहावीत, आईला ती कशी पाहायची हे दाखवावे, आणि ‘लसीनंतर दोन दिवस उलटूनही रडणे थांबले नाही, तर आधी मोजे काढून बोटे पाहा, आणि एखादे सुजलेले दिसले तर लगेच घेऊन या’ हे वाक्य तापाच्या औषधाच्या मात्रेबरोबरच तिला सांगावे.